बॅरिएट्रिक सर्जरीची पहिली भेट आणि उंचीचे तीन सेंटीमीटर : माझा अनुभव

वजन कमी करायच्या ऑपरेशनसाठी सर्जनकडे पहिल्यांदा जाणाऱ्या प्रत्येकाला मी आता एक गोष्ट सगळ्यात आधी सांगते, उंची मोजताना चप्पल काढा आणि सिस्टरने कागदावर काय आकडा लिहिलाय तो तिथेच उभं राहून वाचा. डॉक्टर काय विचारतात, टेस्ट कुठल्या सांगतात, तेही सांगते, पण माझा सगळ्यात जास्त वेळ आणि जीव त्या उंचीने खाल्ला आणि ते आठवलं की अजून राग येतो.

मी साताऱ्याची, वय ४४, डायबिटीसला नऊ वर्षं झाली. वजन ८७ किलो, उंची १५७ सेंटीमीटर. दोन गोळ्या आणि रात्रीचं इन्सुलिन घेऊनही एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ताची टेस्ट) ९.४ होतं. आमच्या फिजिशियन डॉक्टरांनीच सुचवलं की पुण्याला जाऊन बॅरिएट्रिक सर्जनचं मत घ्या, नुसतं मत घ्यायला काय हरकत आहे. घरात सासूबाईंपासून चुलत जावांपर्यंत सगळ्यांचं म्हणणं एकच, रात्रीचा भात बंद कर, कापून घ्यायची काय गरज. मी भात बंद करून वर्षं झालीत हे कोणाला सांगायचं. आमचे हे मात्र पहिल्या दिवसापासून बरोबर होते, विनाथांबा एसटीने स्वारगेट आणि तिथून रिक्षा, प्रत्येक वेळी आले.

भेट तशी चांगली झाली. आधी सिस्टरने वजन, उंची, कमरेचा घेर, बीपी घेतलं. मी विचारलं चप्पल काढू का, ती म्हणाली राहू द्या काकू, वजन तर झालंय ना. मग एका मशीनवर उभं केलं ज्यात चरबी किती, स्नायू किती असा कागद येतो. मग सर्जन मॅडमच्या ज्युनियरने हिस्टरी घेतली आणि ती खूप बारीक घेतात, त्यामुळे वेळ काढून जा. वजन कधीपासून वाढलं, बाळंतपणानंतर का थायरॉइडनंतर, कायकाय उपाय केले, घोरता का, दुपारी बसल्याबसल्या झोप लागते का, सिझेरियन झालंय का, तंबाखू-मिश्री आहे का, आधी कधी डिप्रेशनच्या गोळ्या घेतल्यात का. कमी वयाच्या बायकांना मूल हवंय का तेही विचारतात कारण ऑपरेशननंतर साधारण वर्ष-दीड वर्ष दिवस जाऊ द्यायचे नसतात. ॲसिडिटी आणि घशाशी येणं याबद्दल तर पुन्हा पुन्हा विचारलं, तेव्हा मला कळलं नाही एवढं का, पण पुढे मॅडमनी सांगितलं की या ऑपरेशनचे दोन मुख्य प्रकार, स्लीव्ह आणि बायपास, त्यातल्या स्लीव्हनंतर ते वाढू शकतं, म्हणून ज्यांना आधीच जास्त आहे त्यांना बायपास बरा पडतो. म्हणून यातलं काही लपवू नका. लाजूही नका.

मॅडमनी कागदावर पोटाचं चित्र काढून समजावलं. स्लीव्हमध्ये जठराचा पाऊण भाग, थोडा जास्तच, काढून टाकतात आणि तो परत येत नाही. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून आतड्याचा काही भाग वगळतात, मिनी बायपास म्हणून त्याचाच एक प्रकार आपल्याकडे बराच होतो. माझी शुगर बघता बायपासकडे त्यांचा कल होता पण एंडोस्कोपी (तोंडातून नळी घालून जठर आतून बघतात ती) झाल्यावर ठरवू म्हणाल्या. धोकेही मी न विचारता सांगितले, टाक्यातून गळती, रक्तस्राव, पायात गुठळी, नंतर पित्ताचे खडे, काही महिने केस गळणं, आणि बी१२, लोह, कॅल्शियम, डी हे आयुष्यभर घ्यायचं आणि दरवर्षी रक्त तपासायचं. हल्ली निघालेल्या वजन कमी करायच्या इंजेक्शनांबद्दलही मीच विचारलं, त्या चिडल्या नाहीत, ती आधी करून बघायची असतील तर बघा, पण बंद केली की बऱ्याच जणांचं वजन परत येतं हे लक्षात ठेवा म्हणाल्या. मला हा मोकळेपणा खूप आवडला. पहिल्याच भेटीत तारीख घेऊन टाका म्हणणारा सर्जन असेल तर मी तरी दुसरीकडे जाईन.

आणि एक, त्यांनी मला एकदाही तोंडावर ताबा ठेवा असं म्हटलं नाही. मला केबिनमध्येच रडू आलं होतं.

डाएटिशियनने काल सकाळपासून काय खाल्लं ते चहासकट लिहून घेतलं. मी शाकाहारी, त्यामुळे दिवसाला ६० ग्रॅम प्रोटीन कुठून येणार हा मोठा प्रश्न, पनीर, दही, मूग, सोयाबीन आणि सुरुवातीला पावडर. उपवासांचं नक्की विचारा. मला नवरात्राचं विचारायचं होतं, तिने स्पष्ट सांगितलं की पहिलं वर्ष उपवास नकोतच, साबुदाणा तर मुळीच नको.

आता तो उंचीचा विषय.

खर्च साडेतीन ते साडेचार लाख सांगितला आणि आमची मेडिक्लेम पॉलिसी आहे, वेटिंग पिरियड (पॉलिसी घेतल्यावर काही खर्च मिळण्याआधी थांबायचा काळ) कधीच संपलाय, म्हणून आम्ही निर्धास्तपणे खाली इन्शुरन्स काउंटरवर गेलो. तिथल्या मुलाने ओपीडीचा कागद बघितला न बघितला आणि म्हणाला ताई होणार नाही, तुमचा बीएमआय ३३.९८ आहे, पॉलिसीला ३५ लागतो, सेल्फ पेमेंटने करा. (बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग.) मी म्हटलं दादा, आत्ता वर मॅडम म्हणाल्या की मी बसते. तो म्हणाला मॅडमच्या हिशोबात बसत असाल, कंपनीच्या नाही.

आणि इथे एक गोष्ट मला कोणीच आधी सांगितली नव्हती की या दोन्हींचे नियम वेगळे आहेत. आपल्या लोकांना कमी वजनातच डायबिटीस आणि हार्टचे त्रास सुरू होतात म्हणून डॉक्टर आशियाई लोकांसाठी आकडे खालचे धरतात, डायबिटीस-बीपी असेल तर ३२.५ हा आकडा बरीच वर्षं चालत आलाय आणि २०२२ च्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइनमध्ये तर तो आशियाई लोकांसाठी आणखी खाली आणलाय. पण पॉलिसीत जे कलम असतं (एक्सक्ल ०६ असा कोड शोधा, लठ्ठपणा आणि वजन नियंत्रण असं शीर्षक असतं) ते इर्डाने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१९ मध्ये सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखं करून दिलंय आणि त्यात बीएमआय ४० किंवा जास्त, नाहीतर ३५ किंवा जास्त आणि सोबत चारपैकी एक आजार, असं आहे. ते चार म्हणजे लठ्ठपणामुळे झालेला हृदयाच्या स्नायूंचा आजार, कोरोनरी हार्ट डिसीज, गंभीर स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडखळणं) आणि काबूत न येणारा टाइप २ डायबिटीस. वय १८ किंवा जास्त हवं, डॉक्टरांचा सल्ला हवा, आणि आधीचे साधे उपाय करून फरक पडला नाही हे दिसायला हवं. मी हे सगळं परतीच्या एसटीत मोबाइलवर पॉलिसीची पीडीएफ उघडून वाचलं, खंबाटकी घाट येईपर्यंत माझं तीनदा वाचून झालं होतं.

आणि वाचता वाचताच लक्ष गेलं की कागदावर उंची १६० लिहिलीय. माझी उंची १५७ आहे, मुलीच्या वेळच्या फाइलमध्ये आहे, फिजिशियनकडे आहे, सगळीकडे आहे. हे १६० आलं जाड टाचेच्या चपलेतून. घरी जाऊन मुलीने भिंतीला उभं करून मोजली, १५७. हिशोब केला तर बीएमआय ३५.३ येतो. म्हणजे तीन सेंटीमीटरवर माझे चार लाख अडकले होते.

मला वाटलं चूक त्यांची आहे, जाऊन सांगू, दुरुस्त करतील, पाच मिनिटांचं काम. ओपीडीतली सिस्टर म्हणाली एकदा सिस्टीममध्ये सेव्ह झालं की आम्हाला बदलता येत नाही, रेकॉर्ड सेक्शनला जा. रेकॉर्ड सेक्शन तळघरात, तिथे म्हणाले डॉक्टरांचं पत्र आणा. डॉक्टर ऑपरेशन थिएटरमध्ये, आणि त्यांची ओपीडी आठवड्यातून दोनच दिवस. ज्युनियरला गाठलं तर तो म्हणाला नवीन केस पेपर काढा, म्हणजे परत फी. ती पण भरायची तयारी दाखवली तर रजिस्ट्रेशनवाली म्हणाली एकाच तक्रारीसाठी एवढ्यात नवीन पेपर निघत नाही, फॉलोअप निघेल, आणि फॉलोअपमध्ये उंची आधीचीच येते. आम्ही दोघं त्या जिन्यावर वर-खाली, लिफ्टला रांग, माझे गुडघे बोलायला लागलेले, आणि कोणी एक माणूस म्हणेना की बाई या, चप्पल काढा, परत मोजू. मोजपट्टी समोर भिंतीवर होती! आणि शेवटची परतीची गाडी चुकू नये म्हणून अर्ध्यात सोडून निघायचं, परत कधीतरी यायचं, दोघांची रजा. वजनाची माणसं हॉस्पिटलमध्ये जिने चढून दाखवतात म्हणून बरी होत नाहीत, एवढं तरी त्या विभागात काम करणाऱ्यांना कळायला पाहिजे.

काउंटरवरच्या मुलाला मी परत एकदा म्हटलं की निदान तसं लिहून पाठव, कंपनी ठरवेल. इर्डाचा २०२४ चा नियम आहे की कॅशलेसची रिक्वेस्ट मिळाली की एका तासात कंपनीने निर्णय द्यायचा. पण तो तास कंपनीकडे कागद पोचल्यावर सुरू होतो आणि माझा कागद त्या काउंटरच्या पुढे सरकतच नव्हता.

शेवटी ओपीडीच्या दिवशी पहिला नंबर लावला, कोणाशी काही न बोलता थेट मॅडमना दोन्ही कागद दाखवले, त्यांचा आणि फिजिशियनचा. त्यांनी एकदा वाचलं, खुर्चीतून उठल्या, स्वतः बाहेर येऊन माझी अनवाणी उंची मोजली, हाताने लिहिलं की फेरमोजणी केली, १५७, बीएमआय ३५.३, खाली सही-शिक्का, आणि सिस्टरला सांगितलं की सिस्टीममध्येही आत्ताच्या आत्ता बदलून घ्या. दहा मिनिटं लागली नाहीत. मला इतकं हलकं वाटलं की मी बाहेर येऊन ह्यांचा हात घट्ट धरला. आणि अभिमानही वाटला, कारण तो आकडा मी शोधला होता.

तुमचा बीएमआय खरंच ३५ च्या खाली असेल तर मात्र कोणाला वाढवून लिहायला सांगू नका, पुढे ॲडमिशनच्या वेळी परत मोजतात आणि खोटं दिसलं तर क्लेम जातो. त्याऐवजी पॉलिसीत बॅरिएट्रिकचं वेगळं कव्हर आहे का ते बघा, काही पॉलिसींमध्ये ते वेगळं दिलेलं असतं, त्याला वेगळा वेटिंग पिरियड असतो.

पुढे कंपनीची क्वेरी आलीच, आधीच्या उपायांचा पुरावा द्या. इथे जुन्या फाइल कामाला आल्या. फिजिशियनच्या प्रत्येक चिठ्ठीवर तारीख आणि वजन होतं, डाएटिशियनच्या पावत्या होत्या, जिमची वर्षाची पावती होती. आणि डायबिटीस काबूत नाही हे दाखवायला एकच रिपोर्ट पुरत नाही, औषध चालू असताना तीन-तीन महिन्यांच्या अंतराने केलेले एचबीएवनसी जोडा. मॅडमनी स्लीप स्टडीही करायला सांगितली होती, घरीच रात्रभर वायरी लावून झोपायचं, तासाला ३० पेक्षा जास्त वेळा श्वास अडखळला की गंभीर धरतात, माझा आकडा ३८ आला. हे घोरणं आहे म्हणून मी वर्षानुवर्षं सोडून दिलं होतं, तो आजार होता. मंजुरी आली.

बाकीच्या टेस्ट सरळ झाल्या, पोटाची सोनोग्राफी, टूडी इको, फुप्फुसाची तपासणी, थायरॉइड, लिव्हर, जीवनसत्त्वं. सगळी बिलं आणि चिठ्ठ्या मूळ प्रतीत ठेवा, ॲडमिशनच्या आधीच्या ३० किंवा ६० दिवसांचा खर्च बहुतेक पॉलिसी देतात, किती दिवस ते आपापल्या पॉलिसीत बघा, आणि टेस्ट त्या हिशोबाने करा, फार आधी करून ठेवू नका.

पहिल्या भेटीला नेताना चालू गोळ्यांची पाकिटंच पिशवीत टाका, नावं तोंडी सांगताना गोंधळ होतो आणि शुगरच्या काही गोळ्या ऑपरेशनच्या आधी काही दिवस बंद कराव्या लागतात त्यामुळे त्यांना नेमकं नाव आणि पॉवर लागते. रक्त पातळ करायची गोळी असेल तर ती आधी सांगा. पुण्याबाहेरून येणाऱ्यांनी फोनवर सर्जन, डाएटिशियन आणि सायकॉलॉजिस्ट तिघं एकाच दिवशी आहेत का ते विचारूनच निघा, आमचं सायकॉलॉजिस्टचं राहिलं आणि त्यासाठी वेगळं यावं लागलं. आणि एंडोस्कोपी उपाशीपोटी असते, तर त्या सकाळी इन्सुलिन आणि गोळी घ्यायची की नाही हे आदल्या दिवशी हॉस्पिटलमध्ये विचारून ठेवा, डायबिटीसवाल्यांनी सकाळचा पहिलाच नंबर मागून घ्या, देतात.