आमची वाटचाल : शेळीचा मुरघास

शिरूर भागात आम्ही सुरुवात केली तेव्हा ज्याला त्याला गाईंचं खाद्य विकायचं होतं. शेळीचं नाव काढलं की दुकानदार म्हणायचे, "शेळीला काय, काहीही चालतं." चालत नाही. शेळी पानं निवडून खाते आणि उरलेली काडी पायाखाली तुडवते. म्हणून मी आणि माझ्या मावसभावाने फक्त शेळीसाठी मुरघास, म्हणजे हिरवा चारा कापून हवाबंद बॅगेत आंबवलेलं खाद्य, करायचं ठरवलं.

चारा बारीक कापायचं कुट्टी मशीन जुनं होतं. त्याची पाती भाऊ स्वतः घासायचा, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे. तुकडा दोन सेंटिमीटरच्या आसपासच पडला पाहिजे. लांब पडला तर बॅग कितीही तुडवा, आत हवा राहतेच. चिकातला म्हणजे दाणा दुधाळ असतानाचा मका, गाळपाच्या दिवसांत मिळणारे उसाचे वाढे, ओल जास्त वाटली तर सोयाबीनचं भुसकट, वरून पाण्यात कालवलेली मळी (साखर कारखान्यातली काकवीसारखी मोलॅसिस) आणि कल्चर, म्हणजे चारा आंबवणारे जिवाणू. कुट्टी मुठीत दाबून बघायची. गोळा हळूहळू सुटला आणि तळहात नुसता ओलसर झाला, तर ओल 65-70 टक्के आहे. पाणी गळलं तर भाऊ बॅग भरू द्यायचा नाही. तोंड बांधलं की 45 दिवस कुणी हात लावायचा नाही.

पुढे गिऱ्हाईक वाढलं, शेड झाली.

मग एका पावसाळ्यात एका मोठ्या विक्रेत्याने आमच्यासारख्याच हिरव्या बॅगा कमी भावात बाजारात उतरवल्या. आत काळपट, बुरशी धरलेला माल. काही गोठ्यांत शेळ्या मान वाकडी करून गोल गोल फिरायला लागल्या. डॉक्टरांनी बिघडलेल्या मुरघासातल्या लिस्टेरिया या जिवाणूचं नाव घेतलं, पण गावात बोभाटा झाला तो "हिरव्या बॅगवाल्यांचा". आमच्या ऑर्डरी बंद पडल्या. मशीनचा हप्ता थकला, मजुरांना सुट्टी द्यावी लागली. तो विक्रेता आजही धंदा करतो, एका शब्दाने खुलासा केलेला नाही. हे मी विसरलेलो नाही.

तेव्हा उभ्या राहिल्या त्या सासवडकडच्या एक काकू. त्यांच्याकडे उस्मानाबादी शेळ्या. त्यांनी शेजारपाजारचे शेळीवाले बोलावले, अंगणात दोन्ही बॅगा उघडल्या आणि म्हणाल्या, "हात घाला अन् वास घ्या." आमचा माल पिवळसर हिरवा, आंबूस-गोड वासाचा, दुसरा नाक धरायला लावणारा. त्या दिवशी तिथूनच चार जणांनी आगाऊ पैसे दिले. काकूंच्या गोठ्यात पहिली बॅग आजही मीच पोचवतो.

आता ईदसाठी बोकड बांधलेल्यांना एक सांगतो. मुरघास एकदम सुरू करू नका, आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवा, सोबत कोरडी वैरण ठेवा. गव्हाच्या कोंड्यावर आणि धान्यावर बोकड फुगवू नका. कोंड्यात फॉस्फरस फार, त्याने मुतखडा होतो. कॅल्शियम आणि फॉस्फरस 2:1 राहील असं खनिज मिश्रण घ्या, मुतखडा टाळायला नवसागर (अमोनियम क्लोराईड) किती द्यायचा ते डॉक्टरांना विचारा. आणि बोकड लघवीला कुंथताना दिसला तर सकाळची वाट बघू नका, लगेच डॉक्टर बोलवा.