जोर्नाडा ७२० वायफायवर: आतापर्यंतची प्रगती

एचपीने २००० साली आणलेला जोर्नाडा ७२० हा हातसंगणक घरच्या वायफायवर आणण्याचे काम बरेचसे मार्गी लागले आहे. २०६ मेगाहर्ट्झचा स्ट्राँगआर्म प्रोसेसर, ३२ मेगाबाइट रॅम, ६४० बाय २४० चा आडवा पडदा आणि पीसी कार्डाची खाच, एवढा त्याचा संसार.

वायफायसाठी या खाचेत बसवायचे कार्ड निवडताना खाच १६ बिटांची आहे, हे पक्के ध्यानात ठेवावे लागते. बेळगावच्या जुन्या कॉम्प्युटरच्या दुकानांत मिळणारी बहुतेक कार्डे लॅपटॉपमधून काढलेली, म्हणजे ३२ बिटांची कार्डबस जातीची असतात आणि ती येथे चालत नाहीत. कार्डबस कार्डाच्या कनेक्टरलगत बारीक उठाव असलेली सोनेरी पट्टी असते. या छंदातले निपाणीचे आमचे एक ज्येष्ठ स्नेही फोनवर दर वेळी बजावतात, “पट्टी हाय काय बघा आदी, मग पैशाचं बोला.” शेवटी ओरिनोको गोल्ड कार्ड मिळाले आणि त्याचा, जोर्नाडाच्या विंडोज सीई या कार्यप्रणालीसाठीचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) बिनतक्रार बसला. बॅटरी पूर्ण उतरली की रॅममधले सारे पुसले जाते. म्हणून ड्रायव्हरची मूळ फाइल कॉम्पॅक्टफ्लॅश या साठवणीच्या कार्डावर ठेवलेली बरी.

खरी अडचण कूटलेखनाची (एन्क्रिप्शनची) आहे. हे कार्ड ८०२.११बी या मानकाचे, ११ मेगाबिट वेगाचे. त्याचा ड्रायव्हर केवळ वेप (WEP) हे वायफायचे जुने कूटलेखन जाणतो, आणि वेप सहज फोडता येते हे तर २००१ पासून जगजाहीर आहे. केवळ या छंदापायी घरचे मुख्य नेटवर्क उघडे टाकणे मला पटत नाही. त्यामुळे एक जुना राउटर वेगळा लावून त्यावर १३ अक्षरांची वेप किल्ली ठेवली आणि त्या राउटरवरून फक्त रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकापर्यंतच पोहोचता येईल, अशी फायरवॉलची आखणी केली.

हा पाय नुसता पहारेकरी नाही. आजच्या संकेतस्थळांना लागणारे टीएलएस १.२ हे सुरक्षित जोडणीचे तंत्र जोर्नाडातल्या ब्राउझरला येत नाही; म्हणून पायवर डब्ल्यूआरपी नावाचा प्रॉक्सी, म्हणजे मध्यस्थ प्रोग्राम, चालवला आहे, जो पान स्वतः क्रोमियममध्ये उघडतो, त्याचे जीआयएफ चित्र करून पाठवतो आणि चित्रावर जेथे टिचकी मारावी तेथील दुवा उघडून देतो. पाय ते जोर्नाडा हा टप्पा मात्र वेपच्याच भरवशावर असल्याने बँकेचे किंवा ईमेलचे पासवर्ड येथे टाकू नयेत.

आपल्यासारख्यांना याचा एक अनपेक्षित लाभ आहे. विंडोज सीईमध्ये देवनागरी फाँट घातला तरी अक्षरजुळणी होत नाही. ‘कि’ची वेलांटी ‘क’च्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरे हलन्तासह सुटी पडतात. पान चित्र होऊनच येत असल्याने हा प्रश्नच उरत नाही. पायवर देवनागरी आणि कन्नड असे दोन्ही नोटो फाँट बसवल्यावर मराठी बातम्याही नीट दिसल्या आणि सरकारी कन्नड पानेही. पडद्याच्या कमी उंचीमुळे एका वेळी मोजक्याच ओळी मावतात, तरी वाचायला त्रास होत नाही. कार्ड बॅटरी भराभर खाते. तूर्त अडॅप्टर लावूनच वापर चालू आहे.