रोटरी कन्व्हर्टर सिंक्रोनाइझ झाला!

मंडळी, सबस्टेशनच्या माझ्या मॉडेलमधला रोटरी, म्हणजे एसी करंटचा डीसी करणारं फिरतं यंत्र, अखेर थ्री-फेजवर चालला.

नव्यांसाठी थोडक्यात. न्यूयॉर्कचं ५३व्या स्ट्रीटवरचं १३ नंबरचं सबस्टेशन तिथल्या सबवेइतकंच (भुयारी रेल्वेइतकंच) जुनं, १९०४ सालचं. ११,००० व्होल्ट, २५ हर्ट्झचा एसी यायचा आणि १,५०० किलोवॅटचे रोटरी त्यातून गाड्यांसाठी ६२५ व्होल्ट डीसी काढायचे. सबवेतला शेवटचा रोटरी १९९९ मध्ये इथेच बंद झाला, पण यंत्र जागेवर राखलंय. म्हणून तर मी हेच निवडलं. इमारत वाचते आणि यंत्र भंगारात जातं, हे सोलापूरकराला वेगळं सांगायला नको.

माझं आर्मेचर (तारा गुंडाळलेला फिरता भाग) ट्रकच्या २४ व्होल्टच्या वायपर मोटारीचं. कम्युटेटरचे, म्हणजे ब्रश जिथे टेकतात त्या तांब्याच्या नळकांड्याचे, बारा सेगमेंट, त्यातल्या १, ५ आणि ९ वरून तीन तारा शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला नेल्या. तिथे एसी आत घेणाऱ्या स्लिप रिंगा तांब्याच्या पाइपच्या, खाली हायलमचं (वीज न वाहणाऱ्या कडक शीटचं) बुश. लूमच्या मोटारी भरणाऱ्या एका कारागिराने तारा सुतळीने बांधून वार्निश मारून दिलं. बांधणी अशी की ३,००० आरपीएमला एक तार हलत नाही. या कामाला सोलापूरसारखं गाव नाही!

सप्लायला २३०/९ व्होल्टचे तीन ट्रान्सफॉर्मर, स्टारमध्ये (तिघांचं एक-एक टोक एकत्र जोडून). म्हणजे रिंगांवर १५.६ व्होल्ट. थ्री-फेज रोटरीत एसी हा डीसीच्या ०.६१२ पट असतो, तेव्हा साडेपंचवीस व्होल्ट डीसी अपेक्षित.

आधी डीसी देऊन मोटारीसारखं फिरवलं. रिंगा आणि सप्लाय यांच्यामध्ये तीन बल्ब. सुरुवातीला बल्बांची नुसती थरथर, मग वेग ३,००० च्या जवळ आला तसे तिन्ही एकदम पेटायला आणि विझायला लागले, सावकाश, आणखी सावकाश. पूर्ण अंधार झाला, म्हणजे रिंगा आणि सप्लाय यांची लय जुळली (हेच सिंक्रोनाइझ होणं), त्या क्षणी स्विच दाबून दोन्ही थेट जोडले. घरघर थांबून एकसुरी गुणगुण सुरू झाली. डीसीची बॅटरी काढली, तरी आर्मेचर फिरतंच राहिलं आणि डीसीच्या बाजूला लावलेला ट्रकचा बल्ब लख्ख पेटला. ब्रशखाली ठिणगी जवळजवळ नाही.

आता अडचण कायमच्या मॅग्नेटची. फील्ड (चुंबकाचा जोर) कमी-जास्त करता येत नाही, त्यामुळे पॉवर फॅक्टर (एसीचे व्होल्ट आणि करंट यांचा मेळ) हातात राहत नाही, आणि तो हातात असणं हीच खऱ्या रोटरीची मोठी खुबी. जुन्या अँबॅसिडरच्या डायनॅमोचे पोल शू आणि फील्ड कॉइल (चुंबकाचे लोखंडी तुकडे आणि त्यांवरची वेटोळी) कुणाकडे पडून असतील तर कळवा. बॉडी लेथवर मीच करून घेईन.