अमोण्याचा पूल ओलांडल्यावर

वर्षश्राद्ध झाल्याशिवाय देवाला जाऊ नये, असं आत्याचं म्हणणं. आमच्या दिंडीचे बुवा म्हणाले, "विठोबाला कसलं सूतक? टाळ घे नि चल." वाद घालायचं त्राण दोघांशीही नव्हतं. बाबा गेल्यापासून जो जे सांगेल ते मी करत होते. त्यात चालणं बरं, कारण चालताना कुणी हात धरून "सुटले बिचारे" म्हणत नाही. बाबांना सुटायचं नव्हतं. डायलिसिसच्या खुर्चीत बसूनही ते यंदा आषाढीला गोव्यातल्या साखळीजवळचं विठ्ठलापूर चुकवायचं नाही म्हणत होते.

मडगावहून निघालो. बोरीचा पूल, कवळे, म्हार्दोळ, मंगेशी, सगळं पावसातून गेलं. कुठल्या देवळात जेवलो नि कुठल्या अग्रशाळेत पाठ टेकली, आता विचाराल तर सांगता येणार नाही. चिडचिड मात्र लख्ख आठवते. पुढच्या टेम्पोवरचा कर्णा, रिंगण धरलं की मोबाईल काढून आडवे येणारे, फुगडीला माझे हात ओढणाऱ्या बायका. आणि पखवाज. बाबा भजनात पखवाजाला बसायचे. आमच्या दिंडीतला पोरगा समेवर येताना अगदी तशीच मान टाकायचा. मी मुद्दाम मागे राहू लागले.

माशेलला देवकीकृष्णाच्या पायऱ्यांवरूनच हात जोडले. द्वादशीला चिखलात खेळल्या जाणाऱ्या चिखलकाल्याचं मैदान आधीच तुडुंब भिजलं होतं.

दशमीच्या दुपारी अमोण्याचा पूल ओलांडला आणि डाव्या टाचेवरचा फोड बोलू लागला. पावसाची खोळ अंगाला चिकटलेली, आत घाम, बाहेर पाऊस. दिंडी वळणाआड गेली. रस्त्यालगतच्या एका घराच्या सोप्यावर एक म्हातारी बसली होती. "बस गो बाय," म्हणाली, जणू माझीच वाट बघत होती.

तिनं पाय सरळ मांडीवर घेतला. मी ओढून घ्यायला गेले तर दटावलं. सुई दिव्यावर धरली, दोरा ओवला, आणि फोडाच्या एका बाजूनं घालून दुसरीकडून काढला. दोरा आतच ठेवून टोकं कातरली. "ओढू नको. पाणी आपसूक झिरपतं." मग कोकमाच्या तेलाचा घट्ट पांढरा गोळा दिव्यावर धरून मऊ केला आणि दोन्ही टाचांच्या भेगांत अंगठ्यानं चेपत राहिली. सहा महिन्यांत मी सगळ्यांचं करत होते, पण माझ्या अंगाला असा हात कुणी लावला नव्हता.

तेवढ्यात फोनचा गजर वाजला.

"कोणाचा?"

"बाबांच्या चारच्या गोळीचा. बंद करवत नाही."

मला वाटलं, आता ही डोळ्यांना पदर लावणार. ती म्हणाली, "आमचेपण अजून आहेत. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर." नवरा जाऊन किती पावसाळे झाले, नाव तसंच. मुलगे म्हणतात, आई, सही कर, तुझं ह्यात काही नाही.

आणि मी बोलू लागले. बाबांच्या मागे मी हेच तर करत होते, कचेऱ्यांचे जिने आणि झेरॉक्स. मनातून त्या कागदांचा तिटकारा होता. रडायचं तेव्हा मी रांगेत उभी. तिला सांगितलं, लग्नाच्या वेळी वेगळा करार केला नसेल तर गोव्यात नवराबायकोची मिळकत दोघांची मिळून असते, 1867 च्या पोर्तुगीज सिव्हिल कोडापासून. अर्धी तुमचीच, ते असतानाही होती. वारसाहक्काचा प्रश्न फक्त त्यांच्या अर्ध्याचा. त्यासाठी सब-रजिस्ट्रारकडे सक्सेशन डीड, म्हणजे वारस कोण त्याचा दस्त, पेपरात जाहिरात, आणि मग मामलेदाराकडे म्युटेशन, म्हणजे उताऱ्यावरचा नावबदल. तोवर कसल्याही कागदावर सही नको.

ती बराच वेळ गप्प. हात टाचेवर तसाच. मग मुलांना अशी एक अस्सल शिवी हासडली की मला हसू आवरेना. हसता हसता रडू आलं ते थांबेना, आणि तिनंही ते थांबवायचा काही खटाटोप केला नाही. आत जाऊन काळा चहा आणि उंडो पाव घेऊन आली. जाताना माझा नंबर घरपट्टीच्या पावतीमागे लिहून घेतला.

न्हावेलीच्या पुढे दिंडी सापडली. बुवा रागावले. मी पखवाजाच्या शेजारून चालले.

एकादशीला विठ्ठलापुरात दर्शनाच्या रांगेत एका छत्रीवाल्या गृहस्थाशी कडाक्याचं भांडण झालं. समोर पोचले तोवर मी तणतणतच होते. पाया पडले, वाळवंटी नदीच्या काठी पाय धुतले. दोरा अजून टाचेत होता.

पुढच्या आठवड्यात अनोळखी नंबरावरून फोन. मागे बसगाड्यांचा गोंगाट. "बाय, मी डिचोलीत आहे. त्यांच्या मृत्यूच्या दाखल्याच्या झेरॉक्स किती काढू?"

"पाच-सहा काढा, आजी. आणि मूळ दाखला हातातून सोडू नका."