व्हेटो, फूल आणि दोन पानं

राज्यशास्त्राच्या एमएला यंदा समकालीन जागतिक राजकारणाचा पेपर घेतलाय हे कळल्यापासून गोव्यात आमच्या साखळीच्या बसस्टँडवर भेटणारी ओळखीची माणसं एकच विचारतात, "मग युक्रेनचं काय होणार गो?" जणू मला आतली खबर असते.

युक्रेन शिकवायला घेतलं त्या दिवशी सरांनी 25 फेब्रुवारी 2022 च्या संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेतल्या मतदानाचा कागद वाटला. रशियाच्या आक्रमणाविरुद्धच्या ठरावाच्या बाजूने 11, विरोधात एकटा रशिया, तटस्थ तिघं: भारत, चीन आणि यूएई. विरोधातलं एकच मत, पण ते व्हेटोवाल्याचं, म्हणजे नकाराधिकार असलेल्या कायम सदस्याचं, त्यामुळे ठराव पडला. भारत तटस्थ का? मागच्या बाकावरून लगेच उत्तर आलं, "एकसष्टला रशियानं आमच्यासाठी व्हेटो मारला होता ना!" सर एवढंच म्हणाले, "मग एकसष्टचं इतिवृत्त वाचून या."

वाचलं. 18 डिसेंबर 1961. इकडे आपलं सैन्य गोव्यात शिरलेलं, तिकडे न्यूयॉर्कमध्ये पोर्तुगालच्या तक्रारीवर बैठक. युद्ध थांबवा, फौजा मागे घ्या असा अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तानचा ठराव. बाजूने 7, विरोधात 4. सिलोन (आजची श्रीलंका), लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक (म्हणजे इजिप्त) आपल्या बाजूने, आणि चौथा सोव्हिएत युनियन, म्हणजे व्हेटो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गोव्याचे पोर्तुगीज गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्व्हा शरण आले.

आमच्या घरात परिषदेतले अमेरिकेचे प्रतिनिधी स्टीव्हन्सन म्हणजे त्या गोष्टीतले खलनायक. पण त्यांचं भाषण वाचताना मी अडखळले. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं कलम 2(4) दाखवून ते सांगतात, कारण काहीही असो, बळ वापरून प्रदेश घ्यायचा नाही. आज युक्रेनबद्दल आम्ही वर्गात अगदी हेच बोलतो! समोर भारताचे सी. एस. झा म्हणतात, ही सीमा नव्हेच, हा वसाहतवादाचा प्रश्न आहे. पोर्तुगालचं म्हणणं, कसली वसाहत, हा आमचा प्रांत. आणि कागदावर ते खोटंही नाही, कारण 1951 साली त्यांनी घटना बदलून वसाहतींचं नाव 'सागरापलीकडचे प्रांत' करून टाकलं होतं. पाटी बदलायची पद्धत तेव्हापासूनच आहे तर.

मला झांचंच पटतं, आणि ते घरातल्या संस्कारामुळे नव्हे. गोवा स्वयंशासन नसलेला प्रदेश आहे हे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेच डिसेंबर 1960 मध्ये ठरावात नाव घेऊन सांगितलं होतं. पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार मात्र सोडून जाण्याबद्दल बोलायलाच तयार नव्हते. उलट युक्रेनच्या सीमा मानतो असं रशियाने 1994 साली बुडापेस्टमध्ये स्वतः लिहून दिलं होतं. व्हेटो त्याच देशाचा असला म्हणून दोन्ही प्रकरणं एक होत नाहीत. उपकाराची परतफेड म्हणून तटस्थ राहिलो, हे उत्तर मला आळशीपणाचं वाटतं. शस्त्रं, तेल, चीन हे सगळं त्यात गायब होतं.

हे वर्गात मांडलं तर दक्षिण गोव्यातल्या साष्टीतली मैत्रीण शांतपणे म्हणाली, "बरोबर. पण आम्हाला कोणी विचारलं?" तिचा भाऊ पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात स्विंडनला आहे, ब्रेक्झिटच्या आधी पोचलेला. पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं ते 31 डिसेंबर 1974 च्या करारात, तेही लिस्बनमध्ये क्रांती होऊन हुकूमशाही गेल्यावर. एकसष्टपूर्वी इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलाबाळांना तिथलं नागरिकत्व घेता येतं, ते त्या जुन्या राजवटीचंच शेपूट.

विचारलं होतं, पण दुसरंच काही. 16 जानेवारी 1967 चा जनमत कौल: महाराष्ट्रात विलीन व्हायचं तर फुलावर शिक्का, संघप्रदेश राहायचं तर दोन पानांवर. विलीनीकरणाला 1,38,170, विरोधात 1,72,191. आमचं अख्खं घर मगोचं, म्हणजे विलीनीकरण मागणाऱ्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचं, म्हणजे फुलाचं. "चौतीस हजारांनी गेलं," आजी अजून सांगते, काल निकाल लागल्यासारखी. फरक 34,021 चा, मी ताडून बघितला. मगोचे नेते भाऊसाहेब बांदोडकर त्यानंतर पुन्हा निवडून येऊन मुख्यमंत्री झाले, आम्ही मराठी शाळांत शिकलो, आणि पानंवाले-फुलंवाले एकाच बाजारात मासे घेत राहिले. हरलेल्या बाजूने निकाल मानला, ही गोष्ट मला व्हेटोपेक्षा मोठी वाटते. स्वयंनिर्णयावरच्या धड्यात तिच्याबद्दल एक ओळ नाही, म्हणून माझा निबंध मी त्यावरच लिहितेय.

मैत्रिणीचा मुद्दा राहतोच: मतपत्रिकेवर चित्रं दोनच होती. मी आजीला विचारलं, तिसरं चित्र असतं तर?

"तिसरं कशाला?" ती म्हणाली. "फूल होतं की."