मेस्कल कास्कमधील ‘दुसऱ्या धुरा’चा माग

मागील नोंदीत ज्या मेस्कल-फिनिश व्हिस्कीच्या बाटलीपाशी (म्हणजे मेस्कल या मेक्सिकन मद्याच्या रिकाम्या कास्कमध्ये, लाकडी पिंपात, शेवटचा काळ मुरवलेल्या) सारे अडले होते, तिचे कोडे आता निम्मे सुटले आहे. उरलेल्या निम्म्याने मात्र नवाच पेच उभा केला आहे. प्रश्न तोच आहे : या पीटेड माल्टमध्ये (पीट या दलदलीतील जळाऊ मातीच्या धुरावर सुकवलेल्या बार्लीच्या व्हिस्कीमध्ये) जाणवणारा जळक्या लाकडाचा कोरडा धूर मेस्कलच्या कास्कमधून आला, की तो पीटचाच धूर वेष बदलून समोर येतो आहे?

शंका घेण्यास आधार आहे. मेस्कलसाठी अगेव्हचे (घायपाताचे) गड्डे जमिनीतील खड्ड्यात, लाकडाच्या आगीने तापवलेल्या दगडांवर भाजले जातात, म्हणजे धूर तेथेही आहेच. ग्वायाकॉल हे धुरकट वासाचे संयुग दोन्ही धुरांत असते. परंतु पीटच्या धुरातील फिनॉल आणि क्रेसॉल यांमुळे आयोडीन, डांबर आणि दवाखाना यांची जी छटा येते, ती आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. त्याच डिस्टिलरीच्या ४६ टक्के अल्कोहोलच्या नेहमीच्या बाटलीत ती ठसठशीत आहे, तर ५४ टक्क्यांच्या मेस्कल-फिनिशमध्ये ती जवळजवळ लोपून राखेचा वास पुढे येतो. लेबलवरील पीपीएमचा (दशलक्ष भागांत फिनॉलचे किती, याचा) आकडा येथे उपयोगी नाही, कारण तो माल्टचा असतो, बाटलीतील मद्याचा नव्हे.

या वेळी दोन्ही नमुने एकाच तीव्रतेवर आणले. पहिल्याच्या २० मिलिलिटरमध्ये ३ आणि दुसऱ्याच्या २० मध्ये ७ मिलिलिटर पाणी घातले की दोन्ही साधारण ४० टक्क्यांवर येतात. (पाण्यासाठी काचेचेच पिपेट वापरावे, प्लास्टिकच्या सिरिंजमधील रबराचा वास नेमका फिनॉलच्या वाटेत येतो.) कार्लसन आणि फ्रीडमन यांनी २०१७ मध्ये संगणकीय प्रतिरूपणातून दाखवले होते की ४५ टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणात ग्वायाकॉल पृष्ठभागाजवळ राहते आणि ५९ टक्क्यांच्या वर ते इथेनॉलने वेढले जाऊन द्रवाच्या आत ओढले जाते. त्यांचे गणित ग्वायाकॉलपुरते असले, तरी ग्लासात घडले ते याच दिशेचे होते : पाणी पडून थोडा वेळ जाताच लोपलेला दवाखाना दिमाखात परत आला. रंग दिसू नये म्हणून अपारदर्शक ग्लासांत त्रिकोणी चाचणी (तीन ग्लासांपैकी दोन सारखे, एक वेगळा) घेतली, तेव्हा केवळ नाकाच्या भरवशावर वेगळा ग्लास ओळखणे हा तिनात एक असा निव्वळ अंदाज ठरला. नाकावरचा ‘दुसरा धूर’ हा तीव्रतेतील फरकाचा खेळ होता, हे मला आता मान्य आहे, आणि त्याचा आनंदही आहे.

जीभ मात्र ऐकत नाही. तिला वेगळा ग्लास लगेच सापडतो : हिरवट मिरी, किंचित खारेपणा, भाजलेल्या अगेव्हचा गोडवा, आणि घोट उतरल्यावर मागे रेंगाळणारी राख. पहिल्या तिन्हींचे श्रेय मेस्कलला देण्यास माझी हरकत नाही. राखेबद्दल ठामपणे सांगता येत नाही, कारण कास्कचे ओक लाकूड आतून जाळताना त्यातील लिग्निन या घटकापासूनही ग्वायाकॉल तयार होते. बहुतांश मेस्कल कास्कमध्ये न मुरवताच विकले जात असल्याने असे कास्क दुर्मीळ असतात, आणि त्यांतील अनेकांत आधी बर्बन ही अमेरिकन व्हिस्की मुरलेली असते. २०१९ मधील नियमबदलाने स्कॉच व्हिस्कीला अशा कास्कची वाट मोकळी झाली हे उत्तमच झाले, परंतु कास्कचा पूर्वेतिहास आणि फिनिशचे महिने लेबलवर न छापण्याची उत्पादकांची सवय मला अक्षम्य वाटते.

यानंतर मदेरा-फिनिश (मदेरा वाइनच्या कास्कमधील) पीटेड बाटली उघडण्याचा बेत होता. हे लिहीत असतानाच त्याहून सोपी चाचणी सुचली, त्यामुळे मदेराला थांबावे लागेल. न मुरवलेले मेस्कल ४० टक्क्यांवर आणून ते नेहमीच्या बाटलीच्या, त्याच तीव्रतेच्या २० मिलिलिटर नमुन्यात पाव-पाव मिलिलिटरने वाढवत जायचे. हिरवट मिरीबरोबर राखही उतरली, तर ती मेस्कलची. मिरी आली आणि राख आलीच नाही, तर संशय जळलेल्या ओककडे वळवावा लागेल.