सेन्सॉर बोर्डाला कोर्टात खेचता येतं, पण त्या एका फोनला?

सिनेमाला कट, बंदी असा विषय निघाला की आपण सगळे सेन्सॉर बोर्डावर तुटून पडतो, आणि पडायलाच पाहिजे, मी पण पडते. पण हल्ली सारखं डोक्यात येतं की आपला सगळा राग सरकारवर निघतो आणि इंडस्ट्री 'याला काम देऊ नका' असा एक फोन करून आपल्याच माणसांचा गळा दाबते त्याबद्दल मात्र आपण जवळपास गप्पच असतो. मला तर हा आतला दबाव जास्त भयंकर वाटायला लागलाय.

आधी सरकारचं बघू. १९५२ चा सिनेमॅटोग्राफ ॲक्ट आहे, बोर्ड आहे, कमिटी सिनेमा बघते आणि काय कापायचं ते लेखी देते. लेखी आहे म्हणूनच तर भांडता येतं ना. २०१६ ला 'उडता पंजाब'च्या वेळी बोर्डाने कटची लांबलचक यादी काढली, निर्माते मुंबई हायकोर्टात गेले, तिथे बोर्डाला आपली बाजू मांडावी लागली आणि शेवटी त्यातला एकच कट राहिला. आता २०२१ मध्ये सरकारने अपिलाचं ट्रिब्युनलच बंद करून टाकलं, त्यामुळे सर्टिफिकेटवरून भांडायचं तर थेट हायकोर्ट गाठायचं, आणि छोट्या निर्मात्याने तेवढा वेळ आणि वकिलाचा पैसा आणायचा कुठून? हे फार वाईट झालं. पण दार आहे, अवघड का असेना.

सरकार सौम्य असतं असं मी अजिबात म्हणत नाहीये हं. आणीबाणीत 'किस्सा कुर्सी का' या सिनेमाच्या प्रिंट जाळून टाकल्या होत्या. इराणमध्ये दिग्दर्शक जाफर पनाहींना २०१० साली सहा वर्षांची कैद आणि वर वीस वर्षं सिनेमा करायला बंदी अशी शिक्षा सुनावली. तुरुंगात टाकायची ताकद कुठल्याच निर्मात्याकडे नसते, ती फक्त सरकारकडे असते, आणि हा फरक छोटा नाही.

पण मग हॉलिवूडचं १९४७ चं प्रकरण बघा. अमेरिकन संसदेच्या समितीने सिनेमातल्या लोकांची कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून चौकशी लावली, दहा जणांनी उत्तरं द्यायला नकार दिला म्हणून संसदेच्या अवमानाचा खटला चालला आणि १९५० मध्ये ते तुरुंगात गेले. त्यातला एक पटकथाकार डाल्टन ट्रम्बो. सरकारने दिलेली शिक्षा भोगून तो वर्षभराच्या आत बाहेर आला. आणि इंडस्ट्रीने दिलेली? नोव्हेंबर १९४७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात स्टुडिओंचे मोठे लोक जमले आणि या दहा जणांना आम्ही काम देणार नाही असं जाहीर करून मोकळे झाले, असं करा म्हणून कुठल्या कायद्याने त्यांना सांगितलेलं नव्हतं. त्यानंतर ट्रम्बोचं स्वतःचं नाव पडद्यावर परत यायला १९६० उजाडलं! मधल्या काळात माणूस लिहीत होताच, 'रोमन हॉलिडे'च्या कथेचं ऑस्कर नावापुरतं त्याच्या मित्राला मिळालं, पुढे रॉबर्ट रिच या टोपणनावाने लिहिलेल्या कथेलाही ऑस्कर मिळालं आणि ते घ्यायला खरा लेखक स्टेजवर येऊच शकत नव्हता.

स्टुडिओंनी त्या हॉटेलातून काढलेल्या पत्रकातली एक गोष्ट मला फार अस्वस्थ करते. यामुळे निरपराध माणसं भरडली जाऊ शकतात, भीतीचं वातावरण तयार होऊ शकतं आणि भीतीत चांगलं काम होत नाही, हे त्यांनी त्यातच लिहून ठेवलंय. म्हणजे कळत होतं सगळं, तरी केलं, कारण धंदा बुडायची भीती त्याहून मोठी होती. आणि या दहा जणांचं निदान जाहीर तरी झालं, पुढे शेकडो लोकांची कामं गेली त्यांना तर कारणही कुणी सांगितलं नाही, फक्त फोन यायचे बंद झाले.

हॉलिवूडच्या हेज कोडचंही तसंच. सरकारने कात्री चालवण्याआधी आपणच चालवू म्हणून स्टुडिओंनी १९३० मध्ये नियमावली केली, १९३४ पासून ती कडक झाली, त्या नियमांप्रमाणे मंजुरीचा शिक्का नसलेला सिनेमा मोठ्या थिएटरांत लागायचाच नाही कारण थिएटरंही बहुतेक स्टुडिओंचीच. १९५२ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने सिनेमालाही अभिव्यक्तीचं संरक्षण आहे असा निकाल दिला तरी हा कोड १९६८ पर्यंत तग धरून होता. कोर्टाने दार उघडलं तरी आतले लोक सोळा वर्षं कडी लावून बसले.

आणि हे फक्त तिकडचं नाही. मल्याळम दिग्दर्शक विनयन यांना संघटनांनी वाळीत टाकलं, त्यांच्याबरोबर काम करू नका म्हणून नट आणि तंत्रज्ञांवर दबाव आणला. थिलकन यांच्यासारख्या जबरदस्त नटालाही २०१० मध्ये कलाकारांच्या संघटनेने बाहेर काढलं. विनयन शेवटी गेले कुठे तर कॉम्पिटिशन कमिशनकडे, म्हणजे कंपन्या संगनमत करून बाजार अडवतात त्याची तक्रार जिथे करतात तिथे! २०१७ मध्ये संघटनांना दंड झाला, २०२० मध्ये सुप्रीम कोर्टातही तो निकाल टिकला. जिंकले ते, पण तोवर हातून गेलेले सिनेमे कोण परत देणार?

मग हेमा समिती. मल्याळम इंडस्ट्रीत बायकांना काय सोसावं लागतं हे बघायला केरळ सरकारने २०१७ मध्ये नेमली, तिच्या अहवालातही मूठभर ताकदवान लोकांचा गट आणि अनधिकृत बंदी याबद्दल लिहिलंय. आणि इथे तर सरकार आणि इंडस्ट्री दोन्ही एकमेकांत मिसळतात, कारण अहवाल डिसेंबर २०१९ मध्ये सरकारच्या हातात पडला आणि लोकांसमोर आला ऑगस्ट २०२४ मध्ये, तोही काही भाग गाळून. साडेचार वर्षं!

म्हणून मला वाटतं की बोर्डाकडून आपण जे मागतो तेच या संघटनांकडूनही मागायला पाहिजे, कुणाला काम द्यायचं नाही असं ठरवलं तर कारण लेखी द्या, खाली सही करा, आणि त्या माणसाला त्याची बाजू मांडू द्या. एवढं झालं तरी निम्म्या बंद्या घालायची कुणाची हिंमत होणार नाही, कारण त्या कागदावर नाव घालायला कुणीच पुढे येणार नाही.